आठ तुकड्यांचं शास्त्र

मुलीचा फोन ठेवला, पलंगाखालची ट्रंक ओढली, आणि मला कळलं की आमच्या घरातलं अर्धं पवित्र शास्त्र गायब आहे.

अर्धं म्हणजे हिशोबाने अर्धं. आठ तुकड्यांपैकी चार ट्रंकेत होते, चार नव्हते. शास्त्राचे तुकडे कसे काय, असं कोणीही विचारील. ते मी केले. आमची ही शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली तेव्हा तिला ते जाडजूड बायबल उचलेना. विटेएवढं जड. मी जन्मभर पंप दुरुस्त केले. आमच्या धंद्यात नियम असा, की वस्तू उचलत नसेल तर ती सुटी करून न्यावी. मी फूटपट्टी घेतली, जाडी मोजली, आठ सारखे भाग केले आणि धारदार सुरीने कापले. कुठलं पुस्तक कुठे संपतं हे बघायच्या भानगडीत पडलो नाही. पाइप कापणारा माणूस आत कुठलं पाणी आहे हे विचारत बसत नाही.

ही उशीला टेकून बघत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "अहो, तुम्ही योनाला माशाच्या पोटात ठेवून कापलंत."

योना म्हणजे देवाने सांगितलेलं काम टाळून जहाजातून पळणारा माणूस. त्याला समुद्रात टाकतात आणि मोठा मासा गिळतो. बरोबर तिथे माझी सुरी पडली होती.

मी म्हटलं, "पुढच्या तुकड्यात निघेल बाहेर."

ती इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. त्यानंतर ती एकेक तुकडा पोटावर ठेवून आरामात वाचायची. मला माझ्या कामाचा अभिमान वाटायचा. खरं सांगायचं तर अजून वाटतो.

आता फोनचं. मुलगी म्हणाली, "बाबा, मी शनिवारी येते. तुमचं सामान बांधून ठेवा."

"कशाला?"

"माझ्याकडे राहायला. तुम्ही एकटे काय खाता, काय करता, मला इथे झोप लागत नाही."

"अगं, माझं उत्तम चाललंय."

"उत्तम? मागच्या वेळी तुम्ही साखरेच्या डब्यात स्क्रू ठेवले होते."

"साखर स्क्रूच्या डब्यात होती. काही वाया गेलं नाही."

मग म्हणाली, "बरं, मी येऊन बघते. आईचं शास्त्र तरी जागेवर आहे ना? ते नीट ठेवलं असेल तर मी समजेन की घर सांभाळता येतंय. मग एक शब्द बोलणार नाही."

"ट्रंकेत आहे. आई ठेवून गेली तसंच," मी म्हटलं. यात खोटं एकही अक्षर नव्हतं. फक्त आई कशी ठेवून गेली होती हे मला ठाऊक नव्हतं.

मुलीला कापाकापीची गोष्ट कधी सांगितली नव्हती. काही गोष्टी फोनवर नीट कळत नाहीत. म्हणजे आता मला चार तुकडे शोधायचे होते, आठही जोडायचे होते आणि शनिवारी टेबलावर एक अखंड पुस्तक ठेवायचं होतं. नाही तर मुलीच्या घरातली मागची खोली माझ्यासाठी तयार होतीच. खोली चांगली आहे. खिडकी आहे. पण तिथे एकही वस्तू नादुरुस्त नाही. माणसाने करायचं काय?

मी आधी वरच्या मजल्यावर गेलो. तिथे निवृत्त मास्तर राहतात. हिच्या आजारपणात ते रोज संध्याकाळी चौकशीला यायचे. दार उघडताच मला त्यांच्या गॅलरीत, कुंड्यांच्या मधोमध, स्टुलावर सहावा तुकडा दिसला. वर मातीचा डाग.

"मास्तर, हे आमचं आहे."

"वहिनींनी मला दिलंय. वाचायला." मास्तरांनी तो तुकडा छातीशी धरला. "आणि तुम्ही जो पराक्रम केलात ना, त्याबद्दल मला तुमच्याशी बोलायचंच होतं. मी शेवटच्या पानापर्यंत आलो. मासा त्याला गिळतो. आणि पान संपतं! माणूस आत, पुस्तक बंद! मी वहिनींना विचारलं, पुढचा भाग द्या. तर म्हणाल्या, तो खालच्या शिवणवाल्या बाईंकडे दिलाय, त्यांच्याकडून घ्या."

इथे सांगायला हवं की मास्तर आणि शिवणवाल्या बाई यांचं बोलणं बंद होतं. कारण कुंड्या. मास्तर झाडांना पाणी घालायचे ते खाली बाईंच्या वाळत घातलेल्या, गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर पडायचं. एकदा एका नवरीच्या पांढऱ्या पोशाखावर पडलं. तेव्हापासून दोघं जिन्यात समोरासमोर आले तर दोघंही भिंतीवरच्या मीटरकडे बघायचे. आमच्या जिन्यातल्या मीटरचं इतकं निरीक्षण वीज कंपनीनेही केलं नसेल.

"मग?" मी विचारलं.

"मग काय! मला वाटलं, राहू दे. मासाही थांबेल, मीही थांबेन. बरेच दिवस थांबलो. पण वहिनी गेल्या आणि मला वाटलं, आता विचारायला दुसरं कोण राहिलंय? गेलो खाली. दार वाजवलं आणि म्हटलं, बाई, तो माणूस बाहेर आला का?"

"बाई काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, कधीच आलाय, आता एका झाडाखाली रुसून बसलाय, अगदी तुमच्यासारखा."

मी मास्तरांना घेऊन खाली बाईंकडे गेलो. सातवा तुकडा शिवणयंत्रावर होता. त्यात खुणेसाठी टाचण्या टोचलेल्या आणि कडेला निळ्या खडूच्या रेघा. मी मागितला तर बाईंनी पायाने यंत्र सुरू केलं. म्हणजे ऐकू आलं नाही असं समजायचं.

"बाई, मुलगी येतेय. मला ते परत जोडायचंय."

यंत्र थांबलं. "भाऊ, आम्ही दोघं आता रोज जिन्यात बसून वाचतो. आमचं लूकचं शुभवर्तमान अर्ध्यावर आलंय. आणि मास्तरांनी सुरुवातच वाचलेली नाही. तुम्ही असं करा, आधी पहिला तुकडा आणून द्या. उत्पत्तीपासून वाचतो. मग देतो सगळे एकदम."

मी पहिला तुकडा आणून दिला. जिना चढताना लक्षात आलं, की चार आणायला गेलेला माणूस घरातला एक देऊन परत निघालाय. आता ट्रंकेत तीनच होते. हा व्यवहार माझ्या बाबतीत नवा नाही, पण देवाच्या पुस्तकातही व्हावा याचं वाईट वाटलं.

चौथा तुकडा कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे निघाला. त्याने मात्र लगेच दिला, वर प्लास्टिकचं कव्हर घालून आणि रबर लावून. म्हणाला, "काका, यात तो ईयोब आहे ना, त्याने माझं डोकं खाल्लं. गुरं गेली, मुलं गेली, अंगभर फोड आले आणि तीन मित्र येऊन नुसता सल्ला देतात. औषध एकही नाही!"

"मग देवाने शेवटी काय सांगितलं?"

"वादळातून बोलला. पण कारण नाही सांगितलं." औषधवाल्याने काउंटर पुसला. "काकूंनी तो तुकडा मला दिला तेव्हा म्हणाल्या होत्या, तुझ्या दुकानात तक्रारी फार ऐकायला लागतात, हे वाच. तेव्हापासून मी गिऱ्हाइकाला सल्ला द्यायचं बंद केलंय. फक्त गोळ्या देतो."

राहिला तिसरा. तो चर्चच्या कार्यालयात सापडला. आजारात मधे थोडं बरं वाटलं म्हणून ही एका रविवारी चर्चला गेली, तेव्हा तो बाकावर राहिला होता आणि कारकुनांनी तो हरवलेल्या वस्तूंच्या कपाटात ठेवला होता. कपाटाला काच आहे. मला तो दिसत होता, दोन छत्र्यांच्या मधे. पण काचेतून दिसणं आणि कारकुनांकडून मिळणं यात फार मोठं अंतर असतं.

"काय हरवलं?" कारकुनांनी रजिस्टर उघडलं.

"शास्त्राचा तुकडा."

"तुकडा असा रकाना नाही. छत्री, चष्मा, पुस्तक, इतर."

"मग पुस्तक लिहा."

"पुस्तक पूर्ण असावं लागतं. याला पुढचं कव्हर नाही, मागचं नाही."

"बरं, मग इतर लिहा."

कारकुनांनी चष्मा काढला. "पवित्र शास्त्र मी 'इतर'मध्ये लिहू? छत्रीच्या खाली?"

मी माफी मागितली. का मागितली ते अजून कळलेलं नाही. ते म्हणाले, "हे तुमचं कशावरून? असं करा. हा भाग कुठून कुठपर्यंत आहे, शास्त्रात त्याची जागा कुठली, आधी काय येतं, नंतर काय येतं, हे येऊन सांगा. पटलं तर देतो."

म्हणजे परीक्षाच. मी चर्चमध्ये रविवारी बसतो, उभं राहायचं तेव्हा उभा राहतो. सगळ्या शास्त्राची जुळणी मला कोणी विचारली नव्हती. ते खातं हिचं होतं. माझ्याकडे पाण्याची टाकी आणि गॅस.

त्या संध्याकाळी जिन्यात शिकवणी सुरू झाली. मास्तर वरच्या पायरीवर, बाई खालच्या, मी मधे. औषधवालाही दुकान जरा लवकर बंद करून आला.

मास्तर म्हणाले, "सोपं आहे. सहासष्ट पुस्तकं. पहिली पाच नियमशास्त्र. मग इतिहास. मग काव्य. मग संदेष्टे, देवाचा निरोप सांगणारे. हा जुना करार. पाठ करा, उद्या विचारीन."

"मास्तर, असं सांगितलं तर देवालाही डुलकी लागेल," बाई म्हणाल्या. "भाऊ, मी सांगते. जुना करार म्हणजे माप घेणं. नवा करार म्हणजे शिवलेला कपडा."

"आणि संदेष्टे?"

"ते ट्रायल. घालून बघायचं, आणि दर वेळी काखेत घट्ट."

औषधवाला म्हणाला, "माझ्या मते नियमांचं ते लेवीय पुस्तक म्हणजे पथ्य. संदेष्टे म्हणजे पथ्य न पाळल्यावर ओरडणारे डॉक्टर."

सल्ला देणारे तीन मित्र, हे मी नुकतंच कुठेतरी ऐकलं होतं.

मी माझ्या पद्धतीने बघायचं ठरवलं. अनोळखी पंप आला की आम्ही तो उघडतो, सगळे भाग जमिनीवर मांडतो आणि कुठला भाग कुठल्यात बसतो ते बघतो. मी सातवा तुकडा बाईंच्या समोर बसून, टाचण्या सांभाळत वाचला आणि मला छपाईतली मोठी चूक सापडली.

"बाई! छापणाऱ्याने येशूची गोष्ट चार वेळा बांधलीय. तीन काढून टाकल्या तर पुस्तक किती हलकं होईल!"

"हळू बोला," बाई म्हणाल्या. "मास्तर ऐकतील."

पण मग मला आमच्या कारखान्यातला मोठा पंप फुटला तेव्हाची चौकशी आठवली. चौघांचे जबाब घेतले होते. एकाने आपल्या खापरपणजोबापासून सुरुवात केली. दुसरा धावतच आला आणि धापा टाकत मुद्द्याचं सांगून मोकळा झाला. तिसऱ्याने आधी सगळ्यांना विचारून, नीट जुळवून सांगितलं. चौथा म्हणाला, साहेब, कारखाना बांधण्याच्या आधीपासून सांगावं लागेल. तो पंप मला चौघांमुळे कळला, एकट्या कोणामुळे नाही. मत्तय, मार्क, लूक आणि योहान, अगदी याच क्रमाने! मी मांडीवर थाप मारली आणि टाचणी लागली.

आठव्या तुकड्यात येशूच्या प्रेषितांची धावपळ आणि मग पत्रंच पत्रं. पौल नावाच्या प्रेषिताच्या पत्रांचा क्रम काही केल्या लागेना. मास्तर म्हणाले, तारखेप्रमाणे असतील. ती तशी नव्हती. मी जाडी बघितली. गावोगावच्या मंडळ्यांना लिहिलेली आधी, एकेकट्या माणसांना लिहिलेली नंतर, आणि दोन्हीकडे मोठं पुढे, लहान मागे. कारखान्याच्या भिंतीवर आम्ही स्पॅनर असेच टांगायचो! ज्याने हे लावलं तो आमच्यातला माणूस असणार. त्या दिवशी मला शास्त्र पहिल्यांदा घरचं वाटलं.

"पण एक खटकतं," मी म्हटलं. "राजे चुका करतात तिसऱ्या-चौथ्या तुकड्यात, आणि त्याबद्दल संदेष्टे ओरडतात पाचव्या-सहाव्यात. इतक्या लांब?"

"त्यात काय नवल!" बाईंनी वर बघितलं. "कुंडी गळते वरच्या मजल्यावर, ओरडा होतो खालच्या."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी प्रत्येक कुंडीखाली बशी ठेवली.

शुक्रवारी मी कारकुनांपुढे उभा राहिलो. शर्ट इस्त्रीचा घातला होता.

"आधी काय येतं?" त्यांनी विचारलं.

"आधी शास्ते नावाचं पुस्तक. देशाला राजा नाही, ज्याला जे वाटेल ते करतो."

"मग?"

"मग हा तुकडा. रूथपासून. हा काप नेमका दोन पुस्तकांच्या सांध्यावर बसलाय, माझं नशीब. सुरुवातीला एका बाईचा नवरा जातो, मग दोन्ही मुलगे जातात. उरते ती आणि सून. आणि प्रश्न एवढाच, की उरलेल्या माणसाने आता राहायचं कुठे." मी खाकरलो. "सून तिला सोडत नाही. त्या सुनेचा पणतू म्हणजे दावीद राजा. मग राजेच राजे. शेवटी शहर जळतं, लोकांना धरून नेतात. पुढच्या तुकड्यात हेच राजे परत येतात, पण ती चूक नाही. दुसऱ्याचा जबाब आहे."

कारकुनांनी कपाट उघडलं. तुकडा काढला, त्याच्यावर चर्चचा शिक्का मारला आणि रजिस्टरात बराच विचार करून लिहिलं: पुस्तक, आणि पुढे, चालू.

बाइंडर म्हणाला, पंधरवडा लागेल. माझ्याकडे एक रात्रही पुरती नव्हती. मी मास्तरांना आणि बाईंना खरं काय ते सांगितलं.

"एवढंच ना, भाऊ?" बाईंनी पहिला, सहावा आणि सातवा तुकडा माझ्या हातात दिला. "जोडा. मुलगी गेली की परत फाडू."

पंपाच्या सांध्याला लावायचा काळा गोंद घरात होता. तो पाण्यात, तेलात, उष्णतेत टिकतो. कागदावर टिकतो का हे डब्यावर लिहिलेलं नव्हतं. शनिवारी उजाडताच मी आठही तुकडे रचले, गोंद लावला, स्क्रूच्या लोखंडी चापात आवळले आणि टेबलावर ठेवून अंघोळीला गेलो. बाहेर येतो तो मुलगी दारात. सकाळच्या गाडीने आली होती.

मी घाईघाईने चाप काढला. पुस्तक अखंड दिसत होतं. तिचे डोळे भरून आले.

"आईचं शास्त्र," ती म्हणाली. "खरंच जपलंत, बाबा."

एवढ्यात मास्तर आणि बाई आत आले. मदतीला. मी बोलावलं नव्हतं.

"वा! काय सुंदर पुस्तक!" मास्तर म्हणाले. "आम्ही हे आजच पहिल्यांदा बघतोय."

"हो ना," बाई म्हणाल्या. "आत काय आहे आम्हाला काही माहीत नाही. त्या माशाचंसुद्धा नाही."

मुलीने एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. आणि पुस्तक उचललं. वरचे चार तुकडे तिच्या हातात आले, खालचे चार निघाले. मग वरचेही निघाले. जमिनीवर आठ तुकड्यांचा ढीग पडला आणि तिच्या बोटांना काळा गोंद.

"हे कोणी कापलं?"

"मी."

"आई असताना?"

"तिच्यासाठीच. तिला उचलत नव्हतं गं."

तिने वाकून एका कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मास्तर सवयीने मीटर शोधायला लागले, पण ते बाहेर जिन्यात. मला वाटलं, संपलं. मागची खोली, खिडकीसकट.

मी खाली बसलो. चष्मा टेबलावर होता, तोही गोंदात. पानांचे आकडे दिसणं शक्यच नव्हतं. मी एकेक तुकडा हातात घेतला.

"माती लागलीय, हा सहावा. मास्तरांचा. यात संदेष्टे ओरडतात आणि शेवटी योना माशात जातो. खडूच्या रेघा, हा बाईंचा सातवा. यात तो बाहेर येतो, आणि मग चार जबाब. प्लास्टिकचा चौथा, यात ईयोब. हा शिक्क्याचा, तिसरा. हा पहिला, सगळं सुरू होतं तो. हा दुसरा, वाळवंटातून चालत देशात पोचतात तो. हा शेवटचा, पत्रांचा. मोठी आधी, लहान नंतर."

"बाबा, आणि तो?"

"तो पाचवा. तो मला माहीत आहे." मी तो बाजूला ठेवला.

मी आठ तुकडे जमिनीवर ओळीने मांडले. मुलगी माझ्या शेजारी बसली. तिने बोटं फडक्याला पुसली आणि मास्तरांकडे वळली. "तुम्ही दोघं बोलायला कधी लागलात?"

"बोलत नाही," बाई म्हणाल्या. "भांडतो. त्यासाठी बोलावं लागतं."

"आईने दिले का हे सगळ्यांना?"

"वेचून वेचून," मास्तर म्हणाले.

मुलगी हसली. मग आईसारखी खोकेपर्यंत हसली. दुपारी तिने माझ्या हातचं खाल्लं, साखरेचा डबा उघडून बघितला, आणि सामानाबद्दल एक शब्द काढला नाही. निघताना तिने वाकून तिसरा तुकडा पिशवीत टाकला.

"हा कशाला?"

"सासूबाईंना. सूनबाईची गोष्ट आहे म्हणालात ना? वाचू देत जरा."

"आणि त्यांनी पुढचा मागितला तर?"

"तर तुम्ही घेऊन या. चार दिवस राहा. मग परत या. इथे."

आता बाइंडर दर आठवड्याला विचारतो, काका, काम कधी आणताय? मी सांगतो, आणतो. पहिला तुकडा मास्तरांकडे आहे, सातवा बाईंकडे, चौथा औषधवाल्याने परत नेला. दुसरा कारकुनांनी मागितला, आणि रीतसर पावती दिली. चष्म्याच्या काडीला काळा गोंद अजून आहे.

पाचवा मी कोणाला दिलेला नाही. त्यात स्तोत्रांच्या एका पानावर हिने घातलेली दोऱ्याची खूण आहे. त्या खुणेच्या पुढचं वाचायचं राहिलं आहे.